खानदेशातील खडक, गारगोट्या आणि जीवाश्म: हौशी निरीक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत राहणाऱ्या, भूशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या, पण वाटेतल्या एखाद्या वेगळ्या दगडापाशी थांबणाऱ्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगितलेली बरी. खानदेशात या छंदाचे खरे धन पिशवीत भरून आणलेल्या दगडांत कमी आणि दगड जिथे आहे ती जागा वाचण्यात जास्त आहे. त्यामुळे नुसता संग्रह वाढवू पाहणाऱ्यांना काही उत्तरे निराश करणारी वाटू शकतील.

खानदेशात डायनासोरचे जीवाश्म सापडतात का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ते सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही, आणि ती का नाही हे समजले की खानदेशाचे निम्मे भूशास्त्र समजल्यासारखे आहे.

खानदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाथरांनी, म्हणजे बेसॉल्ट या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या लाव्हात हाडे टिकत नाहीत. प्राण्याचा सांगाडा जीवाश्मरूपाने उरायचा असेल, तर तो गाळ, वाळू किंवा चिखल यांखाली वेळेवर गाडला जावा लागतो.

याउलट, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात गेले तर चित्र पालटते. तेथे बाग आणि कुक्षी या परिसरांत लाव्हा येण्यापूर्वी साचलेले गाळाचे थर उघडे पडलेले आहेत, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या थरांतून टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. खानदेशातही त्या काळची जमीन असणारच, परंतु ती लाव्हाच्या जाड आवरणाखाली दबलेली आहे आणि आपल्या नद्यांनी ती अजून कापून उघडी केलेली नाही. डायनासोर येथे नव्हते असे यातून सिद्ध होत नाही. त्यांचा पुरावा आपल्या हाताला लागण्याजोगा नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

एक शक्यता मात्र मोकळी ठेवावी. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात लाव्हाच्या पृष्ठभागावर तळी साचत, झाडी वाढे आणि पुढच्या लाव्हाखाली ते सारे गाडले जाई. अशा आंतरलाव्हा थरांतून छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे वनस्पतींचे उत्तम जीवाश्म मिळालेले आहेत. आपल्याकडे दोन काळ्या थरांच्या मध्ये बहुधा केवळ लाल मातीचा पट्टा दिसतो. पण कधी तेथे फिकट रंगाचा, पापुद्र्यांचा किंवा गारेसारखा कठीण पातळ थर आढळला, तर त्यात गोगलगायींची कवचे आणि वनस्पतींचे ठसे आहेत का, हे भिंगाने शांतपणे पाहावे.

आमच्या शेतात गोल, पापुद्रे सुटणारे दगड निघतात. ती अंडी नाहीत का?

नाहीत. बेसॉल्टला निवताना आणि नंतरही तडे जातात. त्या तड्यांतून पाणी आत शिरते आणि प्रत्येक ठोकळा कोपऱ्यांकडून झिजू लागतो, कारण कोपऱ्यावर पाण्याचा मारा तीन बाजूंनी होतो. अखेरीस ठोकळ्याचा गोळा होतो आणि त्याभोवती कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे सुटतात. बाहेरचे पापुद्रे म्हणजे मुरूम, आणि आतला न झिजलेला गाभा म्हणजे ते तथाकथित अंडे. गोळा फुटलेला असेल तर आत पाहावे. आत बाहेरच्यासारखाच, पण ताजा काळा पाषाण दिसला, तर शंका ठेवण्याचे कारण उरत नाही. अंड्याच्या कवचाला ठरावीक जाडी असते आणि भिंगाखाली त्यात सूक्ष्म रंध्रे व स्फटिकांची उभी मांडणी दिसते.

दगडाच्या फटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, तीही वनस्पती नव्हे. मँगॅनीजची संयुगे फटीत झिरपून तशी शाखा-शाखांनी पसरतात.

मग खानदेशात नेमके पाहावे तरी काय?

प्रथम एखादी रस्त्यासाठी कापलेली दरड पाहावी. चाळीसगाव आणि कन्नड यांच्यामधला औट्रम घाट, धुळ्याजवळचा लळिंग घाट, तोरणमाळला चढणारा रस्ता, यांपैकी कोठेही लाव्हाचा एक थर तळापासून माथ्यापर्यंत वाचता येतो. थराच्या तळाशी कधीकधी उभ्या, नळीसारख्या पोकळ्या असतात. खालच्या ओल्या जमिनीची वाफ आणि लाव्हातील वायू वर चढताना त्या तयार झालेल्या असतात. मधला भाग घट्ट व काळा असतो आणि त्याला उभे तडे गेलेले असतात. हे तडे नियमित असतील तर पाच-सहा बाजूंचे खांब रचून ठेवल्यासारखे दिसतात. वरचा भाग सच्छिद्र असतो, कारण वायूचे बुडबुडे वर जमले आणि लाव्हा निवताना तेथेच अडकले. अगदी माथ्यावर लालसर, विटकरी पट्टा दिसला, तर तो थर उघड्यावर पडून हवा-पाण्याने कुजला होता आणि पुढचा लाव्हा येईपर्यंत बराच काळ गेला होता असे मानायला जागा आहे. त्या पट्ट्यावरून पुढचा थर सुरू होतो.

विहीर खणणाऱ्या कारागिरांना हे सारे आपल्या भाषेत ठाऊक असते. घट्ट थराला ते काळा पाषाण म्हणतात, सच्छिद्र आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या थराला मांजऱ्या, लाल पट्ट्याला गेरू. मांजऱ्यात पाणी लागेल की नाही, याचा त्यांचा अंदाज ऐकण्यासारखा असतो. अशा जाणत्या माणसाबरोबर विहिरीच्या काठावर घालवलेला एक तास एखाद्या प्राथमिक पुस्तकापेक्षा अधिक शिकवतो असे माझे मत आहे.

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात, म्हणजे खानदेशाच्या सीमेबाहेर येतात. परंतु जळगावकडून तेथे जाणाऱ्यांनी चित्रे पाहून झाल्यावर वाघूर नदीच्या वळणावरचा कडा आणि लेण्यांतील न रंगवलेल्या भिंतीही पाहाव्यात. खडकात भरलेल्या पांढऱ्या गाठी व थरांच्या सीमा तेथे स्पष्ट दिसतात. तेथे हात लावणे किंवा खरवडणे हा मात्र गुन्हा आहे.

घाटरस्त्यावर वाहन थांबवण्याची जागा पाहून मगच उतरावे. औट्रम घाटातील वाहतूक पाहता तेथे रस्त्याच्या कडेला उभे राहून निरीक्षण करण्याचा सल्ला देता येत नाही.

धुळे आणि नंदुरबारकडे शेतांतून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या टेकड्या कशाच्या आहेत?

माझ्या मते खानदेशातील सर्वांत महत्त्वाची भूशास्त्रीय गोष्ट हीच आहे आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षितही हीच आहे. या रांगा म्हणजे डाइक. जमिनीला भेग पडली, तीत खालून लाव्हा चढला, आणि भेगेतच निवून त्याची उभी भिंत झाली. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही भिंत उघडी पडली. काही ठिकाणी उलटही घडते. डाइकचाच खडक लवकर झिजतो आणि टेकडीऐवजी सरळ चर तयार होतो.

साक्री, शिंदखेडा, नंदुरबार या पट्ट्यात अशा डाइकांचा मोठा समूह आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दोनशेहून अधिक डाइकांची नोंद आहे, आणि त्यांतला सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटर इतका आहे. त्यांची जाडी काही मीटरांपासून साठेक मीटरांपर्यंत भरते. यांतील बहुतेक डाइक साधारण पूर्व-पश्चिम दिशेने जातात, आणि ही दिशा अर्थपूर्ण आहे. भेग ज्या दिशेला लांबते, तिच्या काटकोनात जमीन ताणली गेलेली असते. म्हणजे त्या काळी हा प्रदेश उत्तर-दक्षिण ओढला जात होता. तापीचे खोरेही त्याच दिशेने, पूर्व-पश्चिम पसरलेले आहे, हे नकाशावर पडताळून पाहावे.

डाइक ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. निवणाऱ्या खडकाचे खांब नेहमी थंड पृष्ठभागाशी काटकोन करून तयार होतात. लाव्हाचा थर आडवा असल्यामुळे त्यातील खांब उभे असतात. डाइकच्या थंड बाजू उभ्या असल्यामुळे त्यातील खांब आडवे असतात आणि लांबून पाहणाऱ्याला ओंडके रचल्याचा भास होतो. डाइकच्या कडेचा खडक झटकन निवल्यामुळे अतिशय बारीक पोताचा, कधी काचेसारखा असतो. मध्यभागी तोच खडक जाडसर पोताचा होतो. काही डाइकांत फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे लांबट स्फटिक साध्या डोळ्यांनी दिसतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालत जाऊन दर काही पावलांवर पोत कसा बदलतो याची नोंद केली, तर एका सकाळीत उत्तम अभ्यास होतो. त्यासाठी एकही दगड फोडावा लागत नाही, कारण डाइकच्या पायथ्याशी सुटलेले तुकडे भरपूर असतात.

शेतकऱ्यांचाही डाइकशी संबंध येतो. घट्ट डाइक जमिनीखालच्या पाण्याला आडवा येतो, म्हणून त्याच्या चढाकडच्या बाजूला विहिरींना पाणी टिकते आणि उताराकडच्या बाजूला त्या कोरड्या राहतात. तोच डाइक फुटका असेल तर उलट पाण्याची वाट बनतो. गावातील कोणत्या विहिरी फाल्गुनात आटतात आणि कोणत्या वैशाखापर्यंत चालतात, हे विचारून नकाशावर मांडले, तर न दिसणाऱ्या डाइकचाही माग काढता येतो.

जळगावच्या गारगोट्या जगभर विकल्या जातात, हे खरे आहे का? त्या कोठे बघायला मिळतील?

खरे आहे. जळगाव जिल्ह्यातील खदानींमधून निघालेले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि विशेषतः अपोफिलाइट या खनिजांचे नमुने देशोदेशींच्या खनिज संग्रहांत आहेत. हिरव्या अपोफिलाइटचा रंग त्यातील अत्यल्प व्हॅनेडियममुळे येतो.

ही खनिजे लाव्हाबरोबर वर आलेली नाहीत. लाव्हा निवल्यावर वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी खडकातून फिरले, त्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम इत्यादी द्रव्ये विरघळवली आणि तापमान उतरत गेले तशी ती पोकळीच्या भिंतीवर एकामागून एक बसवली. म्हणून पोकळीत खनिजांचा क्रम असतो. भिंतीला लागून बहुधा सेलाडोनाइटचा हिरवा लेप, त्यावर कॅल्सेडोनी (गारेचाच सूक्ष्मकणी प्रकार) किंवा क्वार्ट्‌झ, त्यावर झिओलाइट (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारख्या खनिजांचा गट) आणि शेवटी कॅल्साइट, असा तो दिसू शकतो. हा क्रम सर्वत्र सारखा नसतो, आणि नेमके तेच नोंदवण्याजोगे आहे. सुटा, झळझळीत स्फटिक हातात आला तरी तो कोणानंतर बसला हे सांगता येत नाही. एखादा साधा, फुटका तुकडा पोकळीच्या भिंतीसकट असेल, तर तो सांगतो. काचेच्या कपाटात ठेवायला पहिला बरा आणि अभ्यासाला दुसरा.

सुरुवात करणाऱ्याने नव्या विहिरीच्या काठावर पडलेला मलबा पाहावा. शेतमालकाला विचारले तर तो बहुधा हरकत घेत नाही. “काय धुंडी राह्यनात भाऊ?” या प्रश्नाला नीट उत्तर देऊन हाती आलेला तुकडा त्यालाही दाखवला, तर पुढच्या विहिरीची बातमी आपोआप मिळते. गिरणा आणि पांझरा यांच्या पात्रांतील गोट्यांतही अकीक, कॅल्सेडोनी आणि गारेचे तुकडे मिळतात. चालू खदानीत परवानगीशिवाय कधीही जाऊ नये; याविषयी पुढे लिहिले आहे.

निवडक नमुने एकत्र पाहायचे असतील तर नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय एकदा पाहावे. उत्तम नमुना कसा दिसतो हे डोळ्यांत बसले की ओळख सोपी जाते.

सापडलेले खनिज घरच्या घरी कसे ओळखावे?

रंगावर विसंबू नये. प्रथम कठीणपणा तपासावा. फ्रेडरिक मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली एक ते दहाची श्रेणी यासाठी आजही वापरली जाते. तिच्यात नखाचा कठीणपणा सुमारे अडीच, पोलादी चाकूचा आणि साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास आणि क्वार्ट्‌झचा सात आहे. पांढरा, चकाकणारा तुकडा काचेवर सहज ओरखडा काढत असेल तर तो क्वार्ट्‌झ किंवा कॅल्सेडोनी असण्याची शक्यता मोठी आहे. चाकूने तो स्वतःच खरवडला जात असेल तर कॅल्साइट किंवा झिओलाइट यांचा विचार करावा. त्याची थोडी पूड करून तीवर व्हिनेगर टाकले आणि बुडबुडे आले, तर तो कॅल्साइट होय.

पुढची ओळख आकारावरून होते. स्टिल्बाइट मधोमध बांधलेल्या पेंढीसारखा दोन्ही टोकांना फुलतो आणि त्याला मोत्यासारखी झळाळी असते. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे, मध्ये रुंद व टोकांना निमुळते असतात. स्कोलेसाइट एका बिंदूतून निघालेल्या सुयांसारखा पसरतो. अपोफिलाइट घनासारखे किंवा टोकदार मनोऱ्यासारखे दिसते. ते झिओलाइटांबरोबर सापडत असले तरी शास्त्रीय वर्गीकरणात झिओलाइट नाही.

सुयांसारखे किंवा कापसासारखे तंतुमय नमुने बोटांनी चुरगळू नयेत आणि त्यांच्यावर फुंकर मारू नये. एरिओनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटची धूळ फुप्फुसांना घातक ठरते, आणि घरी पाहून एक तंतू दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

जड काळा दगड चुंबकाला ओढला जातो. ती उल्का आहे का?

बहुधा नाही. बेसॉल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला लहान चुंबक साध्या काळ्या पाषाणाकडेही किंचित झुकतो. दगडात बुडबुड्यांची छिद्रे असतील तर तो बेसॉल्ट किंवा भट्टीतील मळी असण्याचीच शक्यता अधिक असते.

तापीच्या उंच दरडींत हाडे आणि दगडी हत्यारे मिळतात, असे ऐकले आहे. ते कितपत खरे आहे?

खानदेशात जीवाश्मांची आस खरोखर ठेवायची असेल, तर ती येथेच ठेवावी. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला मोठे भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजूंची जमीन वरखाली सरकलेल्या भेगा, आहेत. त्यांच्या दक्षिणेकडची जमीन खचली आणि त्या खोलगट भागात तापी व तिच्या उपनद्यांनी शेकडो फूट गाळ आणून भरला. यावल, रावेर, चोपडा भागांतील केळीच्या बागा याच गाळावर उभ्या आहेत. सातपुड्याला अगदी खेटून असलेल्या पट्ट्यात डोंगरातून वाहून आलेले गोटे व भरड यांचे उतरते थर आहेत, ज्यांना बझाडा म्हणतात, आणि भूजल मुरण्याच्या दृष्टीने तो पट्टा फार महत्त्वाचा मानला जातो.

पावसाने या गाळात खोल घळी पाडल्या आहेत. त्यांच्या भिंतींत पिवळसर माती, चुनखडीचे खडे आणि सिमेंट केल्यासारखे घट्ट झालेले गोट्यांचे थर एकावर एक दिसतात. त्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायी व शिंपले यांची कवचे पाहावीत. हाडासारखा तुकडा दिसला तर त्याच्या मोडलेल्या बाजूला जाळीदार रचना आहे का ते भिंगाने तपासावे. दगडात तशी रचना नसते.

हा गाळ लाव्हाच्या मानाने अगदी अलीकडचा आहे आणि त्याच्या काळात येथे माणूस वावरत होता. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील एका तुकड्यावर आडव्या-तिडव्या रेघांची कोरलेली नक्षी होती. तिचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग खानदेशात चरत होते हे ऐकून बरेच जण चकित होतात. त्याहून पुष्कळ अलीकडे, ताम्रपाषाण काळात, तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ येथे वस्त्या होत्या आणि त्यांचीही उत्खनने झालेली आहेत.

म्हणूनच एक नियम काटेकोरपणे पाळावा. धारदार कडा असलेली, मुद्दाम टवके काढलेली गार, कॅल्सेडोनीची लहान पाती, मणी किंवा खापरे दिसली, तर ती उचलू नयेत. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत, वस्तू दरडीच्या कोणत्या थरात किंवा कोणत्या थराखाली पडली आहे ते लिहावे आणि वस्तू जागेवर ठेवून परत यावे. थरातून निघालेल्या हत्याराचा काळ ठरवता येतो. खिशात आलेल्या हत्याराचा ठरवता येत नाही.

नदीतला गोटा कोठून आला हे सांगता येते का?

काही अंशी येते, आणि खानदेशात हा खेळ विशेष रंगतो. गिरणा आणि पांझरा उगमापासून बेसॉल्टवरूनच वाहतात, त्यामुळे त्यांच्या पात्रात काळा पाषाण आणि त्याच्या पोकळ्यांतली खनिजे यांखेरीज काही असू नये. तापीचे तसे नाही. ती बैतुल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते आणि त्या जिल्ह्यात लाव्हापेक्षा पुष्कळ जुने ग्रॅनाइटी खडक आहेत. म्हणून भुसावळजवळ तापीत गुलाबी-पांढऱ्या दाण्यांचा झिजून गोल झालेला गोटा मिळाला, तर तो वरच्या अंगाने प्रवास करून आला असणे शक्य आहे. तोच गुलाबी दगड पांझरेत मिळाला तर मात्र आधी बांधकामाचा राडारोडा, फरशीचे तुकडे आणि रेल्वेमार्गाची खडी यांचा संशय घ्यावा.

उनपदेवचे गरम पाणी ज्वालामुखीमुळे आहे का?

नाही. चोपडा तालुक्यात अडावदजवळ असलेले उनपदेव असो किंवा शहादा तालुक्यातील त्याच नावाचे ठिकाण असो, ही कुंडे सातपुड्याच्या पायथ्याच्या भ्रंशांशी निगडित आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तेथील नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. या पट्ट्यातील भूकवच पूर्णपणे स्थिर नाही, याची आठवण १४ मार्च १९३८ च्या सातपुडा भूकंपाने करून दिली होती. त्याची तीव्रता सहाहून अधिक होती.

दगड गोळा करण्यासाठी परवानगी लागते का?

ठिकाणावर अवलंबून आहे. यावल, अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट या अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तेथून दगडही आणू नये, आणि प्रवेशासाठीसुद्धा वनविभागाचे नियम पाळावेत. पाटणादेवीचा परिसर गौताळ्यात मोडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. राखीव वनांतही वनविभागाची परवानगी हवी. खासगी शेतात मालकाची तोंडी परवानगी किमान सौजन्य म्हणून घ्यावी. व्यापारी प्रमाणावर उत्खनन करणे हा तर वेगळाच विषय आहे आणि त्याला महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ लागू होतात. किल्ले, लेणी आणि संरक्षित स्मारके यांच्या आवारातून काहीही उचलणे बेकायदा आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तूंना १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होतो.

खदानीत जायचे असेल तर मालकाला किंवा व्यवस्थापकाला आधी भेटावे, सुरुंग कधी लावले जातात ते विचारावे, डोक्यावर हेल्मेट घालावे आणि कापलेल्या कड्याच्या पायथ्याशी उभे राहू नये. बंद पडलेली, पाणी साचलेली खदान चालू खदानीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तेथे हटकणारे कोणी नसते.

कोणत्या ऋतूत फिरावे?

कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यानंतर दरडी धुतल्या गेलेल्या असतात आणि गवत हळूहळू वाळू लागते. चैत्रानंतर खानदेशातले ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते आणि उघडा काळा पाषाण हवेपेक्षा अधिक तापतो. त्या दिवसांत सकाळी नऊपूर्वी परतावे. पावसाळ्यात नदीपात्र टाळावे. हतनूर, गिरणा किंवा अनेर धरणांतून पाणी सोडले की पाऊस नसतानाही पात्र भरते. दगड उलटताना हात खाली घालू नये, काठीने उलटावा. विंचू आणि साप दगडाखालीच विसावतात.

सुरुवातीला कोणते साहित्य घ्यावे?

दहापट मोठे दाखवणारे भिंग, वही, पेन्सिल, होकायंत्र, लहान चुंबक, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रे आणि भरपूर पाणी एवढे पुरे आहे. हातोडी पहिल्या वर्षी घेऊच नये, असे माझे मत आहे, कारण ती हातात असली की डोळ्यांचे काम कमी होते. घेतलीच तर गवंड्याची साधी हातोडी घेऊ नये, कारण तिच्या पोलादाचे कपचे उडतात. खडकासाठी बनवलेली हातोडी वापरावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावल्याशिवाय एकही घाव घालू नये.

नोंद कशी ठेवावी?

प्रत्येक नमुन्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, नमुना मूळ खडकातून घेतला की सुटा पडलेला होता, आणि तो थराच्या कोणत्या भागातला आहे, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. नाव पाच वर्षांनीही लिहिता येते, पण ठिकाण पाच दिवसांनीही आठवत नाही. एका पानावर दरडीचे साधे रेखाचित्र काढावे. रेखाटताना जे दिसते ते छायाचित्र काढताना दिसत नाही.

नकाशे कोठे मिळतील?

१८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे विनामूल्य पाहता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकनपद्धतीत खानदेशाचा मोठा भाग ४६ के, ४६ एल, ४६ ओ आणि ४६ पी या पत्रकांत येतो, आणि नवापूरकडचा पश्चिम भाग ४६ जी मध्ये. डाइक शोधण्यासाठी उपग्रहचित्र उन्हाळ्यातले निवडावे, कारण तेव्हा शेते मोकळी असतात आणि काळ्या रेषा उठून दिसतात.

स्फटिक स्वच्छ कसे करावेत?

साधे पाणी आणि मऊ ब्रश वापरावा. आम्ल वापरू नये, कारण अनेक झिओलाइट आम्लात विरघळून चिकट होतात. अपोफिलाइट तापवल्यास त्याची झळाळी जाते, तेव्हा ते उन्हात वाळत घालू नये. जांभळा क्वार्ट्‌झही उन्हात फिकट पडतो.

महत्त्वाचे काही सापडले असे वाटले तर कोणाला दाखवावे?

खडक, खनिज किंवा जीवाश्म असेल तर जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळेकडे विचारणा करावी. भूजल आणि डाइक यांविषयीचे निरीक्षण असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावे. हत्यारे, खापरे किंवा मणी असतील तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला लिहावे. धुळेकरांना राजवाडे संशोधन मंडळातही मार्गदर्शन मिळू शकते. पत्राबरोबर नमुना पाठवू नये. छायाचित्रे, ठिकाणाची नोंद आणि दरडीचे रेखाचित्र पाठवावे, आणि ती जागा पाहायला येणाऱ्याला घेऊन जाण्याची तयारी असल्याचे त्यात स्पष्ट लिहावे.